पैसे अडकवणारा मंचावर, आपण तिसऱ्या रांगेत

या वेळचं पत्र हिंगण्याहून आलं आहे. लांब होतं, मी थोडं आवरलं आहे. माणसांची आणि संस्थेची नावं काढून टाकली आहेत.

"काका, हिंगणा एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा लहान कारखाना आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दोन वर्षांपूर्वी गेले. यजमान नोकरीत आहेत, त्यामुळे कारखाना मीच बघते. फर्म, जीएसटी, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) सगळं आता माझ्या नावावर आहे. मामाजी बावीस वर्षं शहरातल्या एका चेंबरचे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघटनेचे, सभासद होते. वर्गणी न चुकता भरायचे, दिवाळी मिलनाला जायचे. घरी शाल-श्रीफळाचे चार फोटो आहेत. यापलीकडे काय मिळालं ते मला कधी कळलं नाही. यंदा वर्गणीचं पत्र माझ्या हातात आलं. त्याच आठवड्यात सीए म्हणाले की कागदावरचा कर आणि खोक्यावरचा कर यांच्या फरकात तुमचे पैसे अडकत चाललेत. आणि ज्यांच्याकडे माझे नऊ लाख सात महिन्यांपासून थकलेत, ते गिऱ्हाईक चेंबरच्या कार्यकारिणीवर निवडून आलं. मिलनाच्या कार्डावर त्यांचा हसरा फोटो आहे. वर्गणी भरू, की त्या पैशात कारखान्याचं काही काम करून घेऊ? आणि तिथं गेलेच, तर त्यांना नमस्कार करू की पैसे मागू?
हिंगण्याची खोकेवाली"

ताई, नमस्कारही करा आणि पैसेही मागा. फक्त दोन्ही एकाच हॉलमध्ये करू नका.

मी स्वतः कागदाच्या धंद्यातला. नागपूरच्या गांधीबागेत तीस वर्षं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. एका व्यापारी संघटनेत चार वर्षं सहसचिव होतो, म्हणजे खुर्च्या मोजणारा आणि चहा सांगणारा. त्यामुळे मंचावरून चेंबर कसं दिसतं ते मला फारसं माहीत नाही, पण मागच्या खोलीतून चांगलं माहीत आहे. त्या खोलीत मी शिकलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नांचं उत्तर तिच्यात आहे.

जीएसटीच्या आधीचा काळ, सी फॉर्मचा, म्हणजे परराज्यातल्या गिऱ्हाइकानं द्यायच्या कर-सवलतीच्या कागदाचा. मी छिंदवाडा-बालाघाटकडच्या छापखान्यांना कागद पाठवायचो. त्यांनी सी फॉर्म दिला तर मला सवलतीच्या दरानं कर, नाही दिला तर पूर्ण दरानं. फॉर्म त्यांच्या राज्याच्या खात्यातून निघायचा आणि वर्ष वर्ष निघायचा नाही. एके दिवशी मला फरकाच्या रकमेची नोटीस आली. मी तणतणत संघटनेच्या कार्यालयात गेलो. बावीसशे रुपये वर्गणी भरतो, आता माझं काम करा! अध्यक्षांनी चहा पाजला आणि "बघू" म्हणाले. बाहेर पडताना कार्यालयातल्या जुन्या चिटणिसांनी हाक मारली. "अशी नोटीस अजून कोणाकोणाला आली?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते म्हणाले, "मग माहीत करून या ना बाप्पा. एकट्याची नोटीस म्हणजे तुमची कटकट. वीस जणांची नोटीस म्हणजे आमचं काम."

चार संध्याकाळी मी गांधीबाग, इतवारी, मस्कासाथ पालथं घातलं. तेवीस दुकानं निघाली. कोणाचा माल कुठं गेला, फॉर्म कोणत्या कार्यालयात किती दिवस पडून आहे, असा एक तक्ता केला. आमचं शिष्टमंडळ साहेबांकडे गेलं तेव्हा अध्यक्षांचं भाषण त्यांनी अर्धवट ऐकलं, पण तक्ता मात्र पूर्ण वाचला. मुदत वाढवून मिळाली. माझ्या बावीसशे रुपयांचं त्या वर्षी काय झालं हे मला त्या दिवशी समजलं.

तुमची दुखणी दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या दवाखान्यांतली आहेत. नऊ लाख हे तुमचं एकटीचं दुखणं. कागद आणि खोक्याच्या करातला फरक हे सगळ्या खोकेवाल्यांचं. पहिलं चेंबरमध्ये न्याल तर चहा मिळेल. दुसरं नेलं नाही, तर वर्गणी खरोखरच वाया गेली समजा.

सामाईक दुखण्याबद्दल आधी बोलतो, कारण ते मला जवळचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. खोक्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला आणि क्राफ्ट कागदावरचा, म्हणजे खोक्याच्या तपकिरी कागदावरचा, १२ वरून १८. बाहेरच्याला वाटतं, वा, खोकी स्वस्त झाली. आतलं गणित असं की एक लाखाचा कागद घेताना तुम्ही १८ हजार कर भरता. त्याची खोकी समजा एक लाख चाळीस हजारांना विकली, तर गिऱ्हाइकाकडून कर मिळतो सात हजार. अकरा हजार तुमच्या क्रेडिट खात्यात, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या जमेत, दिसतात, पण त्यातून पगार देता येत नाही आणि कागदाची पुढची रीलही येत नाही. महिन्याला पाच-सात लाखांचा कागद लागत असेल, तर हे भोक किती मोठं आहे ते तुमचं तुम्हीच काढा.

यातला निम्मा इलाज तुमच्या हातात आहे, त्याला चेंबर लागत नाही. कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी कर असला, तर साठलेलं क्रेडिट परत मागता येतं. सीएंना आरएफडी-०१, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायला सांगा. दोन वर्षांची मुदत असते, पण तुमच्यासारख्या लहान कारखान्यानं दोन वर्षं थांबायचं कारण नाही, ठरावीक महिन्यांनी अर्ज करत राहा. एक मेख आहे. परतावा फक्त मालावरच्या कराचा मिळतो. मशीन घेतलं असेल किंवा वाहतूक, जॉबवर्क अशा सेवांवर कर भरला असेल, तर तो या हिशेबात धरत नाहीत. सीए गडबडीत असले तर ही गोष्ट राहून जाते आणि अर्ज परत येतो.

उरलेला निम्मा इलाज म्हणजे दरच सरळ करून घेणं, आणि ते एकटीनं होत नाही. हिंगणा, बुटीबोरी, वाडी, कामठी रोड या पट्ट्यातले दहा-बारा खोकेवाले गाठा. प्रत्येकाकडून तीनच आकडे घ्या: महिन्याचा कागद किती, अडकलेलं क्रेडिट किती, परताव्याचा अर्ज करून किती दिवस झाले. नावं द्यायला कोणी बिचकलं तर "युनिट क्रमांक १" असं लिहा. तो एक पानाचा तक्ता घेऊन चेंबरच्या कर समितीकडे जा. दर जीएसटी परिषद ठरवते, आणि परिषदेत प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. नागपूरचं एक बरं आहे. डिसेंबरात विधिमंडळ इथं भरतं, तेव्हा निवेदन द्यायला मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. पण अधिवेशनात मंत्र्यांच्या दारात निवेदनांचा ढीग असतो. कागद नोव्हेंबरातच तयार हवा आणि तो संघटनेच्या लेटरहेडवर हवा.

हे लेटरहेड काय चीज आहे, त्यावर थोडं विषयांतर करतो. मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांनी १८३६ साली आपलं चेंबर काढलं. वालचंद हिराचंदांच्या पुढाकारानं महाराष्ट्र चेंबर १९२७ साली उभं राहिलं. आपलं नाग विदर्भ चेंबर १९४४ चं. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. व्यापाऱ्याला गाऱ्हाणं घालायचं तर सिव्हिल लाइन्सपर्यंत टांग्यानं जाता यायचं. १९५६ साली राजधानीपण गेलं आणि गाऱ्हाण्याचा पत्ता आठशे किलोमीटर लांब गेला. तेव्हापासून इथल्या संघटनांचं खरं काम एकच उरलं असं मी मानतो, इतवारीतला आवाज मुंबई-दिल्लीपर्यंत पोचवणं. सत्कार, मिलन, संगीत संध्या ही त्यावरची कोथिंबीर. कित्येक ठिकाणी नुसतीच कोथिंबीर वाढतात, ही तुमची तक्रार खोटी नाही.

आवाज पोचतो का? कधी पोचतो, कधी नाही. १ एप्रिल २०१३ ला नागपुरात जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तेव्हाचं तुम्हाला कदाचित आठवणार नाही. नाके गेले म्हणून लोक खूष, आणि दुकानदार मात्र महापालिकेच्या नव्या नोंदणी-विवरणाखाली दबलेला. राज्यभरच्या व्यापारी संघटना उठल्या, दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या. १ ऑगस्ट २०१५ ला वार्षिक ५० कोटींपर्यंतची उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला, म्हणजे जवळपास सगळ्यांचाच. पण त्या मधल्या दोन वर्षांत आम्ही किती चपला झिजवल्या! कागदाच्या दराचंही तसंच होईल. लगेच होणार नाही.

आता नऊ लाख.

तुम्ही उत्पादक आहात आणि उद्यम नोंदणी तुमच्या नावावर आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांच्या वर थांबता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सात महिने म्हणजे हे व्याज आताच लक्षात घेण्याइतकं झालं आहे. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इतवारीतले माझे दोस्त यात नेहमी फसतात. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यालाही उद्यम प्रमाणपत्र मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. थकबाकीवरच्या व्याजाचा हा हक्क बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, घेऊन विकणाऱ्याला नाही.

क्रम असा ठेवा. आधी खातेउतारा पाठवा, बिलनिहाय, आणि "बाकी बरोबर आहे" अशी त्यांच्या अकाउंटंटची सही-शिक्का किंवा निदान ईमेल मिळवा. प्रेमानं मागा, वर्षअखेरचा ताळा करतोय असं सांगा. हा कागद हाताशी आला की अर्धी लढाई झाली. पुढं "माल खराब होता", "खोकी दबली", "वजन कमी भरलं" असल्या सबबींची वाट बंद होते. त्यांच्या लोकांनी माल घेताना सही केलेली चलानं शोधून एका फाइलीत लावा. खोक्याच्या धंद्यात चलानं ट्रकवाल्याच्या डॅशबोर्डवर राहतात, मला माहीत आहे.

मग एक साधं पत्र, वकिलाचं नव्हे, तुमचंच. त्यात उद्यम क्रमांक, बिलांच्या तारखा, आजपर्यंतचं व्याज, आणि शेवटी एक ओळ: ही रक्कम सूक्ष्म उद्योगाची आहे, तेव्हा आपल्या ऑडिटमध्ये तशी दाखवावी. ही ओळ त्यांच्या सीएला झोंबेल. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकरात अशी तरतूद घातली की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा होत नाही. म्हणजे ३१ मार्चला तुमचे नऊ लाख थकलेले असले, तर त्यांना त्या नऊ लाखांवर स्वतःच्या खिशातून आयकर भरावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे सीएच त्यांच्या मागे लागतील.

तरीही हलले नाहीत, तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्यांना कोर्टात जायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यात नव्वद दिवस लिहिले आहेत, पण तेवढ्यात निकाल लागेल असं धरून मशीनचा हप्ता ठरवू नका. अर्ज पडताच बरेच जण समेटाला येतात, त्याचा खरा फायदा तोच.

तोवर नवा माल? तुम्ही लिहिलं नाही, पण मला दिसतंय की हे गिऱ्हाईक तुमच्या महिन्याच्या कामाचा मोठा तुकडा उचलतं, नाहीतर सात महिने तुम्ही गप्प बसला नसता. नवी ऑर्डर रोखीनं, जुनी बाकी हप्त्यानं, आणि हप्ता चुकला की गाडी थांबली. असं सांगताना आवाज कापतो, माझाही कापायचा. एकदा सांगून झालं की पुढच्या वेळी कमी कापतो.

राहिला मंचावरचा माणूस. कार्यकारिणीवर आहे म्हणून तो वसुलीतून सुटत नाही, आणि कार्यकारिणीवर आहे म्हणून चेंबर वाईटही ठरत नाही. पैसे घेणारा आणि पैसे देणारा तिथं एकाच टेबलाशी जेवतो, संस्थेची घडणच तशी आहे. तो आयकराचा ४५ दिवसांचा नियम आला, तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला देशभरातल्या कित्येक व्यापारी संघटनांनी तो पुढे ढकला अशी मागणी केली. लहान कारखानदारांना वाटलं, ही आपलीच माणसं आपल्याविरुद्ध कशी? पण सभासदांत उधारीवर माल घेणारे जास्त असतील तर ठराव त्यांचाच होणार. हाताची गणना आहे, त्यात विश्वासघात वगैरे काही नाही. तुमच्यासारखे पन्नास हात त्या हॉलमध्ये नव्हते.

तेव्हा मिलनाला जा. त्यांना नमस्कार करा, तब्येत विचारा, पैशाचा विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांच्या ऑफिसला खातेउतारा घेऊन जा. चारचौघांत मागितलेले पैसे इज्जतीचा प्रश्न होतात, आणि इज्जतीसाठी माणूस नऊ लाख सहज अडवून धरतो. काही संघटनांची वाद मिटवायची समिती असते. तिथं अर्ज करायचा असेल तर जरूर करा, पण ते गृहस्थ त्या बैठकीला नसतील असं लेखी घ्या आणि कौन्सिलचा अर्ज त्यासाठी थांबवू नका.

मिलनाला जा म्हणतोय ते जेवणासाठी नाही. भाताच्या रांगेत जी माहिती मिळते ती कोणत्याही वर्गणीपत्रकात छापलेली नसते. कोण किती दिवसांनी पैसे देतो, कोणाच्या धनादेशाला दोनदा फोन करावा लागतो, कोणाचा पोरगा वेगळा निघाला, सगळं. मामाजी बावीस वर्षं जायचे ते बहुधा यासाठी. घरी येऊन हे सुनेला सांगायची पद्धत त्या पिढीत नव्हती, म्हणून तुमच्या हाती फक्त शालीचे फोटो आले.

आणि वर्गणी? भरा, पण कुठं ते आधी ठरवा. मामाजी ज्या काळात सभासद झाले तेव्हा त्यांचा व्यवहार बाजारपेठेशी असेल. तुम्ही कारखानदार आहात. तुमचं रोजचं दुखणं वीज, पाणी, एमआयडीसीचा रस्ता आणि कागद. विजेचे दर ठरताना वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तिथं आकडे घेऊन उभा राहणारा माणूस बहुधा उद्योजकांच्या संघटनेतून येतो. नागपुरात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन १९६३ पासून आहे, हिंगण्यातही तुमच्या वसाहतीची संघटना आहे. दोन्ही-तिन्ही ठिकाणी पैसे भरायची गरज नाही. जिथं तुमच्यासारखे खोकेवाले, प्लास्टिकवाले, फॅब्रिकेशनवाले जास्त असतील तिथं एकदा पाहुणी म्हणून बसून बघा. निर्यात करणाऱ्याला चेंबरकडून मालाच्या उगमाचं प्रमाणपत्र मिळतं, तो एक वेगळा फायदा, पण खोकी काही तुम्ही दुबईला पाठवत नाही.

पैसे भरण्याआधी कार्यालयात जाऊन तीन गोष्टी मागा: संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचे हिशेब, आणि या वर्षी दिलेल्या निवेदनांची फाइल. फाइल जाड आणि हिशेबात हारतुऱ्यांचा खर्च बारीक असेल तर ठीक. उलट असेल तर मला सांगायची गरज नाही. घटना यासाठी, की सभासदत्व मामाजींच्या नावावर होतं. ते वारसानं चालतं की नव्यानं घ्यावं लागतं, मताचा हक्क केव्हापासून, हे तिच्यातच असतं. नुसती वर्गणी भरून पावती मामाजींच्या नावानं घेऊ नका.

एक मात्र होईल, त्याची तयारी ठेवा. तुम्ही बाई आहात म्हणून तुम्हाला आधी महिला शाखेत बसवतील. तिथल्या ओळखी उपयोगाच्या असतात, जा. पण कर समितीचं नाव काढलं की "ताई, ते किचकट असतं" असं कोणी म्हणालं, तर तो तक्ता टेबलावर ठेवा. अकरा हजारांचं गणित त्या समितीतल्या कोणालाही तुमच्याइतकं पाठ नसेल.

वार्षिक सभेची नोटीस आली की तिच्यावरचे विषय नीट वाचा. सगळ्यात शेवटी "ऐनवेळचे विषय" असं असतं. क्राफ्ट कागदाचा विषय तिथं मांडू असं कोणी सुचवेल. ऐकू नका, आठ-दहा दिवस आधी पत्र देऊन तो कार्यक्रमपत्रिकेत छापून घ्या. ऐनवेळच्या विषयांपर्यंत सभा पोचते तेव्हा मागच्या दारानं पातेली आत आलेली असतात आणि अर्धा हॉल ताटाच्या रांगेत असतो.